कुरवांच्या बाई

बाईंसमोर कुरवांविषयी कुणी भाबडेपणाने बोललेलं त्यांना खपत नसे. थंडीच्या दिवसांत धरणाच्या फुगवट्यावर फिरायला आलेली शहरातली माणसं पाण्यावरचे ते पांढरेशुभ्र थवे बघून म्हणायची, "किती शांत, किती निष्पाप पक्षी आहेत नाही!" बाई लगेच चष्म्यावरून त्यांच्याकडे बघत. "निष्पाप? अहो, एक नंबरचे चोर आहेत. थांबा जरा, दाखवते." आणि खरोखरच थोड्या वेळात एखादा कुरव चोचीत मासा धरून वर उठायचा, मागून तिघे-चौघे कोकलत त्याच्या पाठी लागायचे, घाबरून त्याच्या चोचीतला मासा सुटायचा आणि तो पाण्याला टेकायच्या आत भलताच कुणीतरी तो पळवायचा. बाईंचा चेहरा तेव्हा असा काही उजळे, की जणू वर्गातलं सगळ्यांत द्वाड पोर पाहुण्यांसमोर तितक्याच द्वाडपणे वागलं, याचं त्यांना कौतुक वाटत असावं.

गावात त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणत, आणि पाठीमागे 'कुरवबाई'. त्यांची सगळी नोकरी आमच्याच गावच्या शाळेत झाली होती. माझा नवरा दत्ता त्यांच्या हाताखाली शिकला, दीरही शिकला, आणि गावचे निम्मे कारभारीसुद्धा. त्यांचे यजमानही शिक्षक होते, पण ते लवकर गेले. एकुलती मुलगी करुणा लग्न होऊन नगरजवळ केडगावला राहायची. बाई मात्र गावच्या टोकाला, अगदी पाण्याच्या कडेला असलेल्या कौलारू घरात एकट्या राहत. धरण भरलं की त्यांच्या स्वयंपाकघरात लाटांचा आवाज यायचा. रविवारी चर्चला जायचं आणि बाकीचे सगळे दिवस सकाळी स्टीलच्या पेल्यात चहा घेऊन काठावरच्या खडकावर बसायचं, हा त्यांचा नेम होता.

मी तिसगावकडची. आमच्याकडे पाणी टँकरने यायचं, आणि टँकरवर पक्षी बसत नाहीत. त्यामुळे लग्न होऊन आले त्या वर्षी दिवाळीनंतर हे थवे पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी धुणं तिथंच टाकून बघत राहिले. शेजारच्या खडकावर बाई बसल्या होत्या. मी विचारलं, "बाई, हे पांढरे कावळे कुठून आले?" त्या इतक्या हसल्या की पेल्यातला चहा हिंदकळला. म्हणाल्या, "नाव चुकलं, पण स्वभाव बरोबर ओळखलास! कुरव म्हणतात यांना. हिमालयाच्या पलीकडे उंचावर तळी आहेत, तिथं यांचं माहेर. तिकडं बर्फ पडला की इकडं येतात. तुझ्यासारखेच, परगावचे. बस इथं." त्या दिवसापासून मी बसतच गेले.

बाईंनी मला कुरव शिकवला तो एखादा धडा शिकवावा तसा, पण सावकाश. इकडे येतात तेव्हा त्यांचं डोकं पांढरं असतं आणि डोळ्यामागे एक काळा ठिपका असतो. बाई म्हणत, "आईने तीट लावून पाठवलंय." शेपटीला काळा पट्टा असलेली, पंखांवर तपकिरी डाग असलेली ती गेल्या उन्हाळ्यात जन्मलेली पिल्लं, त्यांना बाई 'पहिलीतली पोरं' म्हणत. ती पोरं मासा धरायला जायची आणि काटकी घेऊन यायची. कुणी ट्रॅक्टरने नांगरट करत असलं की कुरवांचा थवा पाणी सोडून त्याच्यामागे चालायचा, उलथलेल्या ढेकळांतले किडे वेचत. उथळ चिखलात उभे राहून ते पाय आपटायचे, एकसारखे, हट्ट करणाऱ्या मुलासारखे. "तो हट्ट नाही," बाई सांगत. "पाय आपटले की खालचे किडे वर येतात. हट्टाने काही मिळत असतं तर तुझ्या सासूला केव्हाच मिळालं असतं." मग जीभ चावून म्हणत, "हे तिला सांगू नकोस."

आमच्या कोंबड्यांच्या शेडमधला पहिलाच लॉट उन्हाच्या लाटेत गेला, तेव्हा मी दार लावून घरात पडून राहिले होते. कुणाशी बोलावंसं वाटत नव्हतं. बाई आल्या, दार वाजवून उघडायला लावलं आणि मला हाताला धरून काठावर घेऊन गेल्या. संध्याकाळची वेळ होती, वारा सुटला होता आणि उरलेसुरले कुरव पाण्यावर तरंगत रात्रीच्या तयारीला लागले होते. "बघ, सगळ्यांची तोंडं कुठं आहेत?" सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे होती. "वाऱ्याकडे पाठ केली की पिसं विस्कटतात आणि गारठा अंगात शिरतो. म्हणून हे तोंड करून बसतात. शूर आहेत म्हणून नाही हं, त्यातच ऊब आहे म्हणून." एवढंच बोलल्या. दुसऱ्या दिवशी मी शेड धुवायला घेतली.

बाई चिडत त्या फक्त एका गोष्टीवर, ती म्हणजे शेव. रविवारी गाड्या यायच्या, माणसं शेवेच्या पुड्या फोडून हवेत उधळायची, कुरव झेपावत यायचे आणि मग फोटो निघायचे. बाई छत्री घेऊन तिथं हजर. "तेल-मीठ घालू नका त्यांना. परत जायचंय त्यांना डोंगर ओलांडून. शेव खाऊन कुणी डोंगर चढतं का?" एकदा एका गृहस्थांनी त्यांना सुनावलं, "आजी, पुण्य मिळतं पाखरांना खाऊ घातल्याने." त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत एका कुरवाने त्यांच्या दुसऱ्या हातातला वडापाव उचलला. बाई शांतपणे म्हणाल्या, "मिळालं बघा."

ज्या वर्षीची गोष्ट मला सांगायची आहे, त्या वर्षी पाऊस कमी झाला होता. शिवरात्र होऊन गेली होती, ऊन चटके देत होतं आणि पाणी नेहमीपेक्षा बरंच मागे सरलं होतं. कुरवांची परतायची वेळ जवळ आली की त्यांच्या डोक्यावर तपकिरी रंग चढायला लागतो. बाई म्हणत, "टोपी घातली की समजायचं, निघाले गावाला." त्या दिवसांत काहींची टोपी अर्धीच झाली होती. बाईंचे ईस्टरच्या आधीचे उपवास सुरू होते.

एके सकाळी त्या नेहमीच्या जागेवर दिसल्या नाहीत. मी शोधत गेले, तर लांब चिखलाच्या कडेला ओणव्या उभ्या होत्या. त्यांच्या पुढ्यात कुरव पडले होते. काही मेलेले, तर काही जिवंत. पण जिवंत होते त्यांची मान उचलत नव्हती. पंख पसरून चिखलात पडले होते, डोळे तेवढे हलत होते. वर आकाशात बाकीचे घिरट्या घालत ओरडत होते. बाईंनी एकाला टॉवेलमध्ये गुंडाळून छातीशी धरलं होतं. "सुनंदा, लांब राहा," त्या म्हणाल्या. "तुझी शेड आहे. हात लावू नकोस, आणि आल्या पावली परत जा. पाय धू, चपला बाहेर ठेव."

तेव्हाच मला कळलं की त्यांच्या मनात काय आलंय.

दुपारपर्यंत ते सगळ्या गावाच्या मनात आलं. मोबाईलवर कुठल्या कुठल्या गावांच्या बातम्या फिरायला लागल्या. पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर आले, तोंडाला मास्क, हातात मोजे; मेलेले पक्षी पिशवीत भरून बर्फाच्या डब्यात ठेवले. तरुण होते, पण नीट समजावून बोलले. "नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत जातील. रिपोर्ट येईपर्यंत गावातली एकही कोंबडी बाहेर जाणार नाही आणि बाहेरची आत येणार नाही. बर्ड फ्लू निघाला तर..." ते थांबले. पुढचं सगळ्यांना माहीत होतं. बर्ड फ्लू निघाला तर आसपासच्या सगळ्या शेडमधल्या कोंबड्या मारून पुरायच्या. आमचा लॉट विक्रीला आला होता. माल उचलायला येणारा टेम्पो व्यापाऱ्याने अर्ध्या रस्त्यातून परत बोलावला.

डॉक्टर बाईंकडेही गेले. आजारी पक्षी त्यांनी हाताळला होता, म्हणून घरातच थांबायचं, कुणाला भेटायचं नाही, आरोग्य केंद्राची आशाताई रोज दारातून ताप बघून जाईल. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. टॉवेलमधला कुरव त्यांनी न्हाणीत बांबूच्या डालग्याखाली ठेवला होता आणि त्याच्या चोचीत ड्रॉपरने पाणी सोडत होत्या. डॉक्टर म्हणाले, "आता हाताळलाच आहे, तर मोजे घालून तुम्हीच बघा. जगला तर आम्हालाही कळेल."

दत्ता त्या संध्याकाळी बाईंच्या अंगणाबाहेर उभा राहून ओरडला. मी त्याला इतक्या जोरात बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "बाई, लई लाड केला तुमी या पाखरांचा! सगळं गाव तुमच्या नादानं त्यांना पाव्हणं म्हनतंय. माजी शेड गेली तर हे पाव्हणं येनार हायेत का भरायला?" खिडकीत बाई उभ्या होत्या. मी दत्ताचा दंड धरून त्याला घरी आणलं. घरात कुणी जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी चार-पाच पोरं फटाक्यांच्या माळा घेऊन पाण्याकडे निघाली. दत्ता पुढे होता. वाट बाईंच्या घरावरूनच जाते.

खिडकीतून आवाज आला, "दत्तात्रय!"

तो थांबला. शाळेत हजेरी घेतात तसा तो आवाज होता.

"कुठं चाललास?"

"पाखरं हाकलाया."

"हाकलून कुठं पाठवणार?"

दत्ताने माळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"रोग असेल तर तो घेऊन उडतील. घोडेगावच्या बाजूला उतरतील, नाहीतर पैठणच्या. तिकडं कुणाची शेडं नाहीत? तिथल्या दत्ताने काय करायचं?" त्यांना खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर म्हणाल्या, "आहेत तिथं राहू दे त्यांना. आपलं जे व्हायचं ते होईल, पण दुसऱ्याच्या दारात नको ढकलूस, बाळा."

मग दत्ताने हातातली माळ गुंडाळली आणि मागे फिरला. पोरंही फिरली. मला त्याचा राग गेला असं वाटलं नाही. पण त्या रागाला जायला जागा उरली नव्हती.

तो खोकला मात्र माझ्या कानात राहिला. संध्याकाळी आशाताई सांगत आली, बाईंना ताप आहे. आता वाट बघायची ती दोन्ही गोष्टींची. बाईंचेही नमुने तपासायला नगरला नेले. करुणा केडगावहून आली, तिला बाईंनी अंगणाच्या आत येऊ दिलं नाही. ती आमच्याकडे राहिली. मी रोज भाकरी आणि पातळ भाजी त्यांच्या पायरीवर ठेवायचे, लांब कडुलिंबाखाली जाऊन उभी राहायचे, मग त्या दार उघडून डबा घ्यायच्या. शेडमधल्या कोंबड्यांना मी खाद्य घालत होते. त्यांना काहीच माहीत नव्हतं; त्या आपल्या खाली पसरलेल्या भाताच्या तुसात चोची मारत, एकमेकींना ढकलत वाढत होत्या.

एक दिवस बाई डबा घेऊन आत गेल्या नाहीत. उंबऱ्यातच बसल्या. चेहरा उतरला होता.

"सुनंदा, मला भीती वाटते गं."

मी म्हटलं, "काही होणार नाही तुम्हाला."

"माझी नाही. मी माझं आयुष्य जगले. तुमची वाटते. इतकी वर्षं मी सगळ्या गावाला यांच्या गोष्टी सांगितल्या. आता यांच्यामुळेच तुमचं घर बसलं, तर मी कुठल्या तोंडाने या गावात राहू?"

मी कडुलिंबाखाली उभी, त्या उंबऱ्यात. मग मी विचारलं, "आतला कसा आहे?" त्यांनी मान वर केली. "सकाळी त्याने मान उचलली. थोडीशी. मी कुणाला सांगितलं नाही, उगाच आशा नको. पण उचलली." आणि डबा उचलून त्या आत गेल्या.

रिपोर्ट आला तो फोनवर. ऊन वर चढलं होतं, मी शेडच्या दारात पाण्याची भांडी घासत होते. दत्ताच्या खिशातला मोबाईल वाजला. तो "व्हय साहेब, व्हय साहेब" म्हणत आत गेला आणि पाहते तर तो तुसात मटकन खाली बसला. कोंबड्या त्याच्या मांडीवर चढल्या तरी त्याचं लक्ष नव्हतं. मी भांडी टाकून आत धावले. "काय झालं?" तो नुसता म्हणत राहिला, "न्हाई म्हनत्यात. न्हाई म्हनत्यात."

"अहो, काय नाही?"

"बर्ड फ्लू न्हाई गं!" आणि तो मोठ्याने रडायला लागला. लग्नानंतर मी त्याला पहिल्यांदा रडताना पाहिलं. मग उठला, आणि तशाच तुसाने भरलेल्या कपड्यांनी बाईंच्या घराकडे पळत सुटला. मी आणि करुणा मागे.

बाईंनी खिडकीतून ऐकलं. चष्मा काढला, डोळे मिटले, ओठ जरासे हलले. मग डोळे उघडून म्हणाल्या, "मग मेले कशाने?"

ते डॉक्टरांनी संध्याकाळी येऊन सांगितलं. पाणी मागे सरताना एका खोलगट जागी डबकं तुटून राहिलं होतं. त्यात मासे अडकले, मेले, उन्हाने सडले, आणि त्यात विष तयार झालं. ते कुजके मासे आणि त्यांच्यावरच्या अळ्या खाऊन कुरवांचे स्नायू लुळे पडले. साथ नव्हती, विषबाधा होती. डबक्यातली घाण काढून मेलेले पक्षी पुरले की थांबेल, म्हणाले. बाईंना फ्लू नव्हताच. त्यांचा ताप साधा होता, उपवास आणि पहाटेचा गारठा यांनी आणलेला. करुणाने ते ऐकून आधी आईला मिठी मारली आणि मग उपवासावरून तिला भरपूर बोलली. बाई मान खाली घालून ऐकत होत्या. त्यांना असं मुकाट्याने बोलणी खाताना बघून मला इतकं हायसं वाटलं, की मी हसतच सुटले.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव त्या डबक्यावर होतं. धरणात मासेमारी करणाऱ्या भोयांनी सडके मासे काढले, पोरांनी मोजे घालून मेलेले पक्षी गोळा केले, दत्ताने खोल खड्डा खणून वर चुना टाकला. बाईंना खुर्ची टाकून सावलीत बसवलं होतं. काम झाल्यावर दत्ता त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. हात चिखलाने भरलेले, मान खाली.

"बाई, त्या दिवशी मी लई बोललो."

"बोललास खरा," बाई म्हणाल्या. "आवाज चांगला खणखणीत लागला होता. एवढ्या आवाजात कधी कविता म्हटली असतीस तर मी तुला स्नेहसंमेलनात उभं केलं असतं." मग त्यांनी त्याच्या चिखलाच्या हातावर आपला हात ठेवला. "तुझं घर राहिलं रे बाबा. मला आणखी काही नको."

न्हाणीतला कुरव तोवर उभा राहायला लागला होता. रोज न्हाणीत धुमाकूळ घालायचा; साबण पळवायचा, आरशातल्या स्वतःवर ओरडायचा. डॉक्टरांनी बघून सांगितलं, आता सोडा. सकाळी बाई डालगं घेऊन काठावर आल्या, आम्ही सगळे मागे. त्यांनी त्याला दोन्ही हातांत धरून पाण्याकडे तोंड केलं. जाता जाता तो त्यांच्या बोटाला कडकडून चावला आणि उडाला. मागे वळून बघणं वगैरे काही नाही. सरळ थव्यात घुसला, एक मोठं वळण घेतलं आणि एका पहिलीतल्या पोराच्या चोचीतला मासा हिसकावून घेतला.

बाईंनी बोटावरचं रक्त पदराला पुसलं. "आला मूळ स्वभावावर," त्या म्हणाल्या. "बरा झालाय."

ईस्टरनंतर करुणाने आईला केडगावला नेलं. या आजारपणानंतर ती ऐकायला तयार नव्हती आणि बाईंनीही फार ताणलं नाही. कुरव त्याआधीच गेले होते. एका सकाळी पाणी मोकळं होतं एवढंच. टेम्पोत बाईंची मोजकी भांडी, कपाट आणि खुर्च्या भरताना आम्हीच रडत होतो. त्या मात्र दत्ताला दोर कसा बांधायचा ते सांगत होत्या.

त्यानंतर मला एकच काळजी लागून राहिली. पाण्याकाठी आयुष्य काढलेलं माणूस करुणाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात कसं जगेल? दिवाळीच्या सुमारास करुणा फोनवर म्हणाली, "आई हल्ली फारशी बोलत नाही." बाई आणि बोलत नाहीत! मी त्याच आठवड्यात एसटी धरली. वाटभर माझ्या मनात भलभलते विचार येत होते. खिडकीशी बसलेली, ओळख न देणारी एक म्हातारी मी डोळ्यांसमोर उभी केली होती आणि तिच्याशी काय बोलायचं ते घोकत होते.

दार बाईंनीच उघडलं. मला बघून डोळे लकाकले. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी हाताने थांब अशी खूण केली, आत गेल्या, आणि थोड्या वेळाने बाहेर येऊन बोबड्या आवाजात म्हणाल्या, "नवी कवळी बसवलीय गं. मेली हिरड्यांना टोचते. म्हणून घरात बोलत नाही. तू आलीस, काढून ठेवली. आता सांग."

मग मी सांगत होते आणि त्या विचारत होत्या. कुणाचं लग्न ठरलं, शाळेत नवीन बाई कोण आल्या, दत्ताचा पाठीचा त्रास कसा आहे, सासू अजून तशीच का. कुरव आले का, हे त्यांनी सगळ्यांत शेवटी विचारलं. मी म्हटलं, आलेत, भरपूर आलेत. त्यांनी मान डोलावली आणि चहा टाकला.

निघताना त्या जिना उतरून खाली आल्या, नको म्हटलं तरी. रिक्षा थांबवली, भाड्यावरून रिक्षावाल्याशी बोबड्या बोलीत भांडल्या आणि जिंकल्या. मी आत बसल्यावर वाकून म्हणाल्या, "आल्या आल्या तुझ्या चेहऱ्यावर दिसलं मला. मी संपले की काय ते बघायला आली होतीस ना?"

मी मांडीवरची पिशवी उगाच सारखी केली.

"पुढच्या वेळी मला बघायला येऊ नकोस. बघायला आजारी माणसाला येतात. भेटायला ये."

परतीच्या एसटीत मला खिडकीची जागा मिळाली. गाडी स्टँडातून बाहेर पडायच्या आत मला झोप लागली, आणि आमचा फाटा आला तेव्हा कंडक्टरने हाक मारून उठवलं.